खिशातले पैसे डावात का येत नाहीत?

पोकरचे कॅश गेम आता यूट्यूबवर तासन्‌तास लाइव्ह दिसतात. बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पानांची क्रमवारी पाठ असते. फ्लश (एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी पाच पानं) मोठा की स्ट्रेट (ओळीने पाच पानं), हे ते झोपेतही सांगतील. घोडं अडतं ते दुसरीकडे. डाव एकाने जिंकला, तरी चिप्सची एक रास हरलेल्याकडे परत का गेली? खेळाडूने दोनदा हात पुढे केला तर डीलरने, म्हणजे पानं वाटणाऱ्याने, दुसरी रास मागे का सारली? आणि नेहमीचा प्रश्न: माणूस चांगला पैसेवाला दिसतोय, हातात जबरदस्त पानं आहेत, मग खिशात हात घालून आणखी का लावत नाही? चित्रपटात तर लोक गाडीची किल्ली आणि घराची कागदपत्रं टेबलावर फेकतात.

खऱ्या टेबलावर डीलर ती किल्ली शांतपणे परत करेल.

लाइव्ह कॅश गेमचे नियम वरवर पाहता शेकड्याने आहेत आणि प्रत्येक कार्डरूमचे थोडे वेगळे. पण जरा खरवडून पाहिलं तर त्यातले बहुतेक दोनच गोष्टींची राखण करतात. डावात जास्तीत जास्त किती पैसा जाऊ शकतो, हे पानं वाटण्याआधी ठरलेलं असावं. आणि कोण काय करतोय, ही माहिती सगळ्यांना एकाच वेळी, सारखीच मिळावी. टेबलावरचा शिष्टाचार म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला मोठा भाग या दुसऱ्या गोष्टीत मोडतो. त्याचा सभ्यतेशी संबंध तसा कमीच.

(पैसे लावून पोकर खेळणं कुठे कायदेशीर आहे आणि कुठे नाही, हा वेगळा विषय. इथे फक्त खेळाची रचना समजून घेऊ.)

आधी थोडी तोंडओळख

सध्या सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. टेबलाच्या मध्यावर पाच पानं उघडली जातात: आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग चौथं म्हणजे टर्न आणि पाचवं म्हणजे रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच यांतून पाच पानांचा सर्वांत भारी संच करायचा. पानं वाटल्यावर एक आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक अशा लावण्याच्या चार फेऱ्या होतात. लावलेले सगळे पैसे जिथे जमतात तो पॉट. समोरच्याने लावले तितकेच भरले तर कॉल, त्याच्यावर चढवले तर रेझ, पानं टाकली तर फोल्ड, आणि कुणी काही लावलेलं नसताना आपणही काही न लावता पुढच्याकडे खेळ दिला तर चेक. डावाच्या सुरुवातीला दोघांना सक्तीने थोडे पैसे भरावे लागतात, ते ब्लाइंड, एक लहान आणि एक मोठा. तुमच्यासमोर चिप्सची जी रास असते तो तुमचा स्टॅक.

कॅश गेममध्ये चिप म्हणजे रोख रक्कमच. केव्हाही बसा, केव्हाही उठा, चिप्स देऊन पैसे घ्या. टूर्नामेंटमधल्या चिप्सना तशी किंमत नसते. तिथे एकदा प्रवेश शुल्क भरायचं आणि चिप्स संपेपर्यंत खेळायचं. आज पोकरचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर टूर्नामेंट येते, पण मूळ खेळ कॅशचा. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर १९७० साली लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये पहिल्यांदा भरली तेव्हा ती टूर्नामेंट नव्हतीच. नावाजलेले खेळाडू कॅश गेम खेळले आणि शेवटी मतदान करून त्यांनी जॉनी मॉस यांना विजेता ठरवलं. एकाकडे सगळ्या चिप्स जाईपर्यंत खेळायची पद्धत पुढच्या वर्षी आली.

टेबल स्टेक्स: नियम एक, बाजू दोन

टेबल स्टेक्स हा कॅश गेमचा पाया. डाव सुरू होताना तुमच्यासमोर टेबलावर जेवढ्या चिप्स आहेत, तेवढ्याच त्या डावात खेळतात. डाव चालू असताना त्यात भर घालता येत नाही, आणि काढूनही घेता येत नाही.

पहिली बाजू बहुतेकांना ऐकून माहीत असते. तुमच्यापुढे ३०० आहेत आणि समोरच्याने १,००० लावले, तर तुम्ही ३०० देऊन डावात राहू शकता. यालाच ऑल-इन म्हणतात. उरलेल्या ७०० शी तुमचा संबंध नाही. दुसरं कुणी डावात नसेल तर ते ७०० लावणाऱ्याकडे परत जातात. तराजूच्या एका पारड्यात जेवढं वजन आहे तेवढाच माल दुसऱ्यात तोलला जातो, तसंच हे. दोघांपैकी ज्याचा स्टॅक लहान, तोच त्या दोघांमधल्या डावाची कमाल मर्यादा ठरवतो. हरलेल्याकडे चिप्स परत का गेल्या, याचं उत्तर इथेच मिळतं. त्या कधी पणाला लागल्याच नव्हत्या.

हा नियम नसता तर काय झालं असतं, हे कळायला मोठी कल्पनाशक्ती लागत नाही. ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याने समोरच्याला झेपणार नाही इतकी रक्कम लावायची आणि फालतू पानांवरही पॉट उचलायचा. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी खेळात ही अडचण लोकांना जाणवली होती. त्या काळच्या नियमांत पैसे कमी पडणाऱ्याने असतील तेवढे भरून 'साइट' मागायची, म्हणजे तेवढ्या रकमेपुरती पानं बघायचा हक्क मागायचा, अशी सोय होती. आजचा ऑल-इन हे त्याच सोयीचं व्यवस्थित रूप.

डाव संपला की मात्र भर घालायची मोकळीक आहे. दोन डावांच्या मधे तुम्ही आणखी चिप्स विकत घेऊ शकता, टेबलाच्या कमाल मर्यादेपर्यंत. अनेक टेबलांवर ही मर्यादा मोठ्या ब्लाइंडच्या १०० पट असते, काही ठिकाणी बरीच जास्त. कुणी डाव जिंकून या मर्यादेच्या कितीतरी वर गेला तरी हरकत नाही, कारण मर्यादा विकत घेण्यावर आहे, जिंकण्यावर नाही.

तिघे ऑल-इन झाले की हिशेब कसा होतो

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश बघू.

एका डावात तिघे आहेत. पहिल्यापुढे २००, दुसऱ्यापुढे ५००, तिसऱ्यापुढे १,२००. तिघांनीही सगळं पुढे सरकवलं. ब्लाइंडचे किरकोळ पैसे बाजूला ठेवू.

डीलर आधी सगळ्यात लहान स्टॅक बघतो: २००. प्रत्येकाकडून २०० घेऊन ६०० चा मुख्य पॉट होतो. यावर तिघांचाही हक्क. आता दुसऱ्याकडे ३०० उरले आणि तिसऱ्याकडे १,०००. दोघांकडून ३००-३०० घेऊन ६०० चा दुसरा पॉट, त्याला साइड पॉट म्हणतात. यावर पहिल्याचा हक्क नाही, कारण त्याने त्यात काही घातलेलं नाही. तिसऱ्याचे उरलेले ७०० त्याच्याकडे तिथल्या तिथे परत.

पानं उघडली. समजा सगळ्यात भारी पानं पहिल्याची, त्याखालोखाल तिसऱ्याची, आणि दुसऱ्याची सगळ्यात हलकी. पहिला ६०० चा मुख्य पॉट घेतो. त्याच्या २०० चे ६०० झाले, फायदा ४००. साइड पॉट तिसऱ्याला. त्याने एकूण ५०० घातले आणि ६०० उचलले, म्हणजे १०० चा फायदा. दुसऱ्याचे ५०० गेले. बघणाऱ्याला वाटतं की पहिला जिंकला आणि बाकीचे दोघे हरले. प्रत्यक्षात तिसराही डावातून वर आलाय.

मग मोठ्या स्टॅकची दादागिरी चालतच नाही?

चालते, पण लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी. तुमच्यापुढे ३०० आणि समोर ३,००० चा डोंगर असला, तरी तुम्ही एका डावात ३०० पेक्षा जास्त हरू शकत नाही आणि तुमच्याविरुद्ध तोही हरू शकत नाही. त्याचे बाकीचे २,७०० तुमच्यापुरते शोभेचे.

उलट लहान स्टॅकला एक छुपा फायदा आहे. तुम्ही ऑल-इन झालात आणि मागे दोघे मोठे खेळाडू उरले, की ते साइड पॉटसाठी आपसात भांडत राहतात. त्यात एकाने मोठी रक्कम लावून दुसऱ्याला फोल्ड करायला लावलं, तर तुम्हाला हरवू शकणारी पानंही त्या ओघात टेबलाबाहेर जाऊ शकतात. तुम्हाला मात्र आता कुणी हलवू शकत नाही, रिव्हरपर्यंत तुमची जागा पक्की.

म्हणूनच एक गोष्ट सक्त मना आहे. ऑल-इन झालेल्याला बाहेर काढण्यासाठी उरलेल्या दोघांनी "आपण शेवटपर्यंत चेकच करू" असं आपसात ठरवायचं नाही. मनातल्या मनात दोघांनाही तसं वाटलं तर कुणी काही करू शकत नाही. पण तोंडाने बोललात तर ती संगनमताची खेळी ठरते. पोकरमध्ये प्रत्येक जण फक्त स्वतःच्या पानांसाठी खेळतो.

एक खरी मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. टेबल स्टेक्समुळे रक्कम समान होते, झळ समान होत नाही. एखाद्यासाठी ते ३०० म्हणजे किरकोळ खर्च आणि दुसऱ्यासाठी महिन्याची शिल्लक असू शकते. दुसरा माणूस साहजिकच भीत भीत खेळतो आणि समोरच्याला ते दिसतं. यावर कोणत्याही नियमपुस्तकात इलाज नाही. लहान ब्लाइंडच्या टेबलावर जाऊन बसणं, एवढाच काय तो उपाय.

अर्धवट रेझचा पेच

नो-लिमिट प्रकारात, म्हणजे जिथे समोरचा सगळा स्टॅक केव्हाही लावता येतो तिथे, रेझ किमान आधीच्या चढावाइतका तरी असावा लागतो. कुणी १०० लावले, दुसऱ्याने ते ३०० वर नेले, तर चढाव २०० चा झाला. तिसऱ्याला पुन्हा रेझ करायचं असेल तर किमान ५०० म्हणावं लागेल.

आता ऑल-इन होणाऱ्याकडे तेवढे नसले तर? पहिल्याने १०० लावले, दुसऱ्याने कॉल केला, तिसऱ्याने त्याच्याकडचे सगळे १५० टाकले. चढाव ५० चाच, म्हणजे पूर्ण रेझ नव्हे. अशा वेळी पहिला आणि दुसरा वरचे ५० भरू शकतात किंवा फोल्ड करू शकतात, पण त्यांना पुन्हा रेझ करता येत नाही. त्यांची पाळी एकदा होऊन गेली आहे. अजून ज्याची पाळीच आलेली नाही असा चौथा खेळाडू मात्र रेझ करू शकतो, आणि त्याने पूर्ण रेझ केला तर पहिल्या दोघांनाही पुन्हा मोकळीक मिळते.

नियम किचकट वाटतो, पण कारण साधं आहे. तो नसता तर एखाद्या मित्राने उरल्यासुरल्या चार चिप्स टाकून दुसऱ्यासाठी लावणं पुन्हा उघडून द्यायचं, असे उद्योग सुरू झाले असते.

माझेच जिंकलेले पैसे, मग खिशात का टाकू देत नाहीत?

ही टेबल स्टेक्सची दुसरी बाजू, आणि नव्या खेळाडूंना सगळ्यात जास्त खटकणारी. तुम्ही १०० घेऊन बसलात, तासाभरात ४०० केले. वाटतं की ३०० खिशात टाकावेत आणि १०० वर निवांत खेळावं. तसं करता येत नाही. उठायचं असेल तर सगळं घेऊन उठा. बसायचं असेल तर सगळं टेबलावर राहील. गुपचूप चिप्स खिशात घालण्याला इंग्रजी बोलीत 'रॅटहोलिंग' म्हणतात आणि कोणत्याही टेबलावर ते चालवून घेत नाहीत.

आक्षेप रास्त वाटतो: चिप्स माझ्या मालकीच्या आहेत. हो, आहेत. पण त्या तुम्ही जिंकल्या कशा? समोरच्याने स्वतःचे पैसे पूर्ण धोक्यात घातले म्हणून. आता तेच पैसे परत जिंकायची संधी तुम्ही त्याला नाकारताय, आणि स्वतः मात्र त्याच टेबलावर, त्याच्या उरलेल्या पैशांच्या मागे बसून राहताय. उठून गेलात तर तुमची खुर्ची दुसरा कुणीतरी नव्या चिप्स घेऊन भरेल आणि खेळ पुढे चालू राहील.

उठून दहा मिनिटांनी परत आलात तर? याचाही विचार झालेला आहे. ठरावीक वेळेच्या आत त्याच खेळात परतलात तर जेवढे घेऊन उठलात तेवढेच घेऊन बसावं लागतं. ही वेळ जागेनुसार बदलते. त्याच खेळाच्या दुसऱ्या टेबलावर हलवलं तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण स्टॅक सोबत न्यावा लागतो. डीलरला टिप द्यायला किंवा चहा-कॉफीला स्टॅकमधली एखादी चिप गेली, तर त्याकडे सगळे काणाडोळा करतात.

याच नियमाचं धाकटं भावंड म्हणजे मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे ठेवायच्या. लहान चिप्सच्या डोंगरामागे हजाराच्या तीन चिप्स दडलेल्या असतील, तर समोरचा ५०० चा अंदाज बांधून खेळतो आणि कॉल झाल्यावर त्याला कळतं की डाव ३,५०० चा होता. आपल्या पाळीला "तुझ्याकडे साधारण किती आहेत?" असं विचारणं म्हणूनच अजिबात उद्धटपणाचं नाही. समोरच्याने रास नीट रचून दाखवावी ही अपेक्षा आहे.

एका हालचालीत, नाहीतर आधी तोंडाने

आता दुसऱ्या गोष्टीकडे, माहितीकडे.

एक प्रसंग जवळून बघा. समोरच्याने ५० लावलेत. खेळाडू ५० च्या चिप्स उचलतो, पुढे ठेवतो आणि क्षणभर समोर नजर टाकतो. समोरच्याच्या खांद्यांतला ताण सैल पडलेला दिसतो. त्याला कॉल हवाच होता की रेझला तो घाबरत होता? खेळाडू पुन्हा स्टॅककडे हात नेतो आणि म्हणतो, "आणि वर १००." डीलर मान हलवतो: "स्ट्रिंग बेट. फक्त कॉल." ते १०० परत.

नवख्याला वाटतं, एवढ्या तेवढ्यावरून अडवणूक चाललीय. पण त्या एका क्षणात त्याने समोरच्याची प्रतिक्रिया फुकटात वाचली. असं तुकड्यातुकड्याने लावणं म्हणजेच स्ट्रिंग बेट. आधी कॉल दाखवायचा, चेहरा बघायचा आणि मग ठरवायचं, असं करता आलं तर प्रत्येक जण तेच करेल. म्हणून नियम असा की चिप्स एकाच हालचालीत पुढे न्याव्यात, किंवा आधी तोंडाने सांगावं. "रेझ, दीडशे" असं म्हटलंत की मग चार खेपांत चिप्स ठेवल्यात तरी चालेल. "तुझे पन्नास... आणि वर शंभर" हा चित्रपटातला लाडका संवाद खऱ्या टेबलावर कॉलच ठरतो.

तुमच्या पाळीला उच्चारलेला शब्द बांधून ठेवतो, हे यातूनच आलं. "कॉल" म्हणालात की कॉल झाला, मग हात चिप्सपर्यंत पोचला नसला तरी. आणि एकच मोठी चिप न बोलता टाकलीत, तर तो कॉल धरला जातो. ब्लाइंड १० चा आहे, तुम्ही १०० ची एक चिप काही न बोलता सरकवलीत, मनात रेझ होता. डीलर ९० परत करेल. वाद घालून काही उपयोग नाही. तुमच्याकडे सुटे नव्हते की तुम्हाला रेझ करायचा होता, हे त्या चिपवर लिहिलेलं नसतं.

पाळी सोडून खेळणं हाही माहितीचाच घोटाळा. तुमच्या आधीचा अजून विचार करतोय आणि तुम्ही कंटाळून पानं फेकलीत, तर त्याला कळलं की मागे एक जण कमी झाला. कुणाचं तरी नुकसान करून दुसऱ्या कुणाला तरी ती भेट दिलीत. चिप्स पॉटमध्ये भिरकावून टाकू नका, यामागेही हेच. राशीत मिसळल्यावर तुम्ही नक्की किती टाकल्या हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्या पुढ्यात ठेवा, गोळा करायचं काम डीलरचं.

आपली पानं आपण सांभाळायची

यात डीलर चुकला तरी बहुतेक वेळा भरपाई मिळत नाही, म्हणून हे लक्षात ठेवा. पानं टेबलावर मोकळी पडलेली असतील आणि डीलरने ती टाकलेली समजून ओढून घेतली, किंवा शेजाऱ्याने फेकलेली पानं त्यांच्यावर येऊन आदळली आणि सरमिसळ झाली, तर तो डाव तुमच्यापुरता संपला. टाकलेल्या पानांच्या राशीला मक म्हणतात. एकदा मकात गेलेलं पान परत मागता येत नाही, ओळखता आलं तर गोष्ट वेगळी. अनेक खेळाडू पानांवर एखादी चिप किंवा नाणं ठेवतात, ते नजर लागू नये म्हणून नव्हे. पानं टेबलाच्या कडेखाली किंवा मांडीवर नेणंही वर्ज्य, ती सतत सगळ्यांच्या नजरेत हवीत.

डावात नसताना काय बोलायचं?

जवळपास काहीच नाही, निदान चालू डावाबद्दल. फ्लॉपवर दोन सत्त्या आल्या आणि सत्ती टाकून बसलेला खेळाडू कपाळावर हात मारून हळहळला, की डावात असलेल्या प्रत्येकाला कळलं: एक सत्ती गेली. समोरचा तीन सत्त्या असल्याचं सोंग करत असेल तर त्याचं सोंग उघडं पडलं. हळहळणाऱ्याचा एक पैसाही पणाला नव्हता आणि निकाल मात्र त्याने बदलला.

तसंच शेजाऱ्याला आपली पानं दाखवून सल्ला विचारायचा नाही. एका पानजोडीमागे एकच डोकं. आणि शेजाऱ्याला डाव संपल्यावर पानं दाखवलीत तर ती सगळ्या टेबलाला दाखवावी लागतात. एकाला माहिती दिली तर सगळ्यांना द्या. फोनवर बोलत डाव खेळायला अनेक ठिकाणी बंदी आहे, तीही याच कारणासाठी.

शेवटी पानं कोणी आधी उघडायची?

रिव्हरवर शेवटचा बेट किंवा रेझ ज्याने केला, त्याने आधी दाखवायची. सगळ्यांनी चेक केलं असेल, तर सर्वसाधारणपणे डीलरच्या खुणेच्या, म्हणजे बटनाच्या, डावीकडून पहिला जो डावात आहे तो सुरुवात करतो. टूर्नामेंट बघणाऱ्यांना एक फरक चमत्कारिक वाटतो. तिथे ऑल-इन होऊन लावण्यासारखं काही उरलं नाही की सगळ्यांची पानं लगेच उघडी करतात. कॅश गेममध्ये तशी सक्ती सहसा नसते. शेवटचं पान येईपर्यंत दोघेही पानं झाकून बसू शकतात.

पानं काय आहेत ते पानं सांगतात, खेळाडूचं तोंड नव्हे. तुम्ही चुकून "दोन जोड्या" म्हणालात आणि प्रत्यक्षात तुमचा फ्लश होता, तर डीलर फ्लशच वाचेल. अट एकच: दोन्ही पानं टेबलावर उघडी ठेवलेली हवीत. समोरच्याने "माझा फ्लश आहे" म्हटलं म्हणून आपली पानं मकात फेकणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी सवय. तो खोटं बोलत असेल किंवा पान वाचताना चुकला असेल, आणि तुमची पानं तोवर गेलेली असतात. समोरच्याची पानं डोळ्यांनी दिसेपर्यंत आपली हातातून सोडू नका.

काही गोष्टी मात्र निव्वळ वागण्याच्या

आतापर्यंतच्या सगळ्याला कारण होतं. पुढच्या काही गोष्टींना नियमपुस्तकात जागा नाही, तरी टेबलावर त्यांवरून खरी भांडणं होतात.

त्यात पहिला मान स्लो-रोलचा. रिव्हर झाला, एकाने ऑल-इन केलं, दुसऱ्याने कॉल केला. पहिला राण्यांची तिकडी उलटी करतो. दुसरा पानांकडे बघतो, ओठ मुडपतो, "छान खेळलास" म्हणतो. पहिल्याचा हात पॉटकडे निघालेला असतो. मग दुसरा एक पान उलटं करतो, बदामचा एक्का. थोडं थांबतो. मग दुसरं, बदामची सत्ती. मधे तीन बदाम पडलेले आहेतच. फ्लश, आणि तोही सगळ्यात मोठा. पैशांत काही फरक पडलेला नाही, पानं लगेच दाखवली असती तरी पॉट त्याचाच होता. फक्त समोरच्याला पाच-सहा सेकंद जिंकल्याचा भास दिला. माझ्या मते टेबलावर करता येण्यासारखी ही सगळ्यात हलकट गोष्ट आहे.

हरल्यावर समोरच्याला खेळ शिकवायला निघणं हे दुसरं. "त्या पानांवर कॉल करतं का कुणी!" असं म्हणणारा खरं तर स्वतःचंच नुकसान करत असतो. वाईट कॉल करणारा माणूस दूरच्या हिशेबात त्यालाच पैसे देऊन जाणार असतो. तो एकतर सुधारेल किंवा उठून जाईल. डीलरवर पानं भिरकावणं तर त्याहून निरर्थक. पानं पिसणाऱ्याला निकालाशी काही देणंघेणं नसतं.

प्रत्येक डावात मिनिट-मिनिट विचार करत बसणंही लोकांना खुपतं, आणि त्यामागे पैसाही आहे. बऱ्याच ठिकाणी कार्डरूम तासाच्या हिशेबाने शुल्क घेते. डाव कमी झाले की प्रत्येक डाव महाग पडतो. मोठ्या निर्णयाला वेळ घ्या, कुणी काही बोलणार नाही. फारच झालं तर कुणीही "क्लॉक" मागू शकतो, मग ठरावीक सेकंदांत निर्णय नाही दिला तर पानं गेली.

जिंकून लगेच उठण्याबद्दल दोन तट आहेत. नियम तुमच्या बाजूने आहे, केव्हाही उठा. ओळखीच्यांच्या खेळात मोठा पॉट उचलून दुसऱ्या मिनिटाला चप्पल घातलीत तर पुढच्या वेळी बोलावणं येणार नाही, हेही खरं. कार्डरूममध्ये मला यात काही गैर वाटत नाही. "अजून अर्धा तास आहे" असं आधी सांगून ठेवलं तर कुणाचीच तक्रार राहत नाही.

आणखी एक प्रथा फक्त कॅश गेममध्ये दिसते: ऑल-इन झाल्यावर उरलेली पानं दोनदा उघडायची आणि प्रत्येक खेपेला अर्धा पॉट द्यायचा. यामुळे दूरच्या सरासरीत कुणाचाही फायदा-तोटा होत नाही, फक्त चढउतार सौम्य होतात. दोघांची संमती लागते. "नको" म्हणणं हा कुणाचा अपमान नाही, त्यावर आग्रह धरणं मात्र बरं नव्हे.

नियमात बसतं, मग चुकीचं कसं?

हा प्रश्न हुशार लोक विचारतात. चिप्स पुढे नेल्याचा आव आणायचा, समोरच्याने घाईने पानं उलटी केली की "मी कुठे लावले होते?" म्हणायचं. मुद्दाम अर्धवट बोलायचं. पानं हाताआड लपवून आपण डावात नाही असं भासवायचं. याला अँगल-शूटिंग म्हणतात. ब्लफ करणं, म्हणजे हलक्या पानांवर मोठी रक्कम लावून धाक घालणं, हा खेळाचाच भाग आहे. तिथे तुम्ही फसवता पानांबद्दल, आणि त्यासाठी स्वतःचा पैसा धोक्यात घालता. अँगल-शूटिंगमध्ये तुम्ही फसवता काय घडलं याबद्दल, आणि धोक्यात काहीच घालत नाही. म्हणून कुणी पट्टीचा ब्लफर असला तर लोक त्याच्यासमोर आनंदाने बसतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला बघून खुर्ची बदलतात.

असे प्रकार सगळेच्या सगळे आधीच नियमांत लिहून ठेवता येत नाहीत. टूर्नामेंटसाठी २००१ पासून टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन समान नियम ठरवत आली आहे. कॅश गेमला अशी एकच सर्वमान्य संस्था नाही, प्रत्येक कार्डरूमचे स्वतःचे नियम चालतात. पण नियमाचं अक्षर आणि न्याय यांत फारकत झाली तर न्यायाच्या बाजूने निर्णय द्यायची मुभा फ्लोअरला असते, हे तत्त्व जवळपास सगळीकडे आहे. फ्लोअर म्हणजे डीलरच्या वरचा, वाद मिटवणारा माणूस.

वाद झालाच तर

आवाज चढवायची गरज नाही. "फ्लोअर" एवढंच म्हणा. डीलर हात थांबवतो, पॉट आणि मधली पानं आहेत तशी ठेवतो. तोवर आपली पानं सोडू नका आणि पॉटला हात लावू नका. फ्लोअर आधी डीलरला विचारतो, मग डावातल्या खेळाडूंना, आणि डावात नसलेल्यांनीही पाहिलं असेल ते सांगायला हरकत नसते. पॉट चुकीच्या माणसाकडे सरकताना दिसला तर प्रेक्षक खेळाडूनेही बोलावं, असाच बऱ्याच ठिकाणचा संकेत आहे. चालू डावाबद्दल तोंड बंद ठेवायच्या नियमाला हा अपवाद.

वेळेचं बंधन मात्र कडक आहे. साइड पॉट चुकीचा मोजला गेला, पानं चुकीची वाचली गेली, ऑल-इनमध्ये जास्त चिप्स गेल्या, काहीही असो, पुढच्या डावासाठी पानं पिसायला घेतली की सर्वसाधारणपणे आधीच्या डावाचा निकाल कायम होतो. मोजणी पटली नसेल तर पॉट पुढे सरकवला जात असतानाच हात वर करा आणि डीलरला पुन्हा मोजायला सांगा.